एक जागा, दोन उमेदवार

मार्च महिना लागला की अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलांच्या आणि जावयांच्या बोलण्यात एक चमत्कारिक भाषा डोकावू लागते. अमक्याला आपण तीन डॉलरला घेतला, तमक्यावर दुसऱ्याने चढी बोली केली, फलाणा यंदा नुसताच बाकावर बसून राहणार! दूरध्वनीवर हे ऐकणाऱ्या सासूबाईंस, जावईबापूंनी नोकरी सोडून गुरांच्या बाजारात दलाली मांडली की काय, अशी धास्ती वाटली तर नवल नाही. प्रत्यक्षात ही मंडळी बेसबॉलचा एक कागदी खेळ खेळत असतात. तिकडे त्यास फँटसी बेसबॉल म्हणतात. आम्ही त्यास मनोराज्यातला बेसबॉल म्हणू. या खेळात शहाणीसुरती माणसे रात्र रात्र का गुंततात, हे नुसते नियम सांगून कळावयाचे नाही. त्यासाठी एखादे उदाहरण तपशिलाने पाहावे लागते. असे एक उदाहरण २०१२ सालच्या वसंतात कॅलिफोर्नियात घडले. दोन तरुण खेळाडू होते, आणि दोघांना पुरेल अशी जागा नव्हती.

तरीपण थोडे नियम सांगणे भाग आहे. १९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखक-संपादकाने आपल्या मित्रांना जमवून हा खेळ आजच्या रूपात मांडला. मंडळी ज्या उपाहारगृहात जेवावयास जमत त्याच्या नावात रोतिसेरी हा शब्द होता, म्हणून या प्रकारास रोटिसरी बेसबॉल असेही नाव पडले. रोतिसेरी म्हणजे मांस भाजून विकणारे दुकान. आमच्या शाकाहारी वाचकांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. खेळ असा: दहा-बारा मित्रांनी प्रत्येकी एकेका काल्पनिक संघाचे मालक व्हावयाचे. प्रत्येकाकडे २६० डॉलरची थैली. त्यातून लिलावात खऱ्या खेळाडूंपैकी २३ जण घ्यावयाचे. मग एप्रिल ते सप्टेंबर ते खेळाडू आपापल्या खऱ्या संघांकडून खऱ्या मैदानावर जे काही करतील त्याचे आकडे मालकाच्या खात्यावर जमा होत जातात. फलंदाजांचे प्रारंभी चार आकडे मोजीत: फटक्यांची सरासरी, होम रन, दुसऱ्यांना घरी आणून मिळवून दिलेल्या धावा, आणि पिचरची नजर चुकवून चोरलेले बेस. पुढे स्वतः काढलेल्या धावा हा पाचवा आकडा आला. पिचरचे, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाजाचे, आकडे निराळे असतात.

सुज्ञ वाचकांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. या यादीत क्षेत्ररक्षण कोठेच नाही. कोणी वाऱ्यासारखा धावत जाऊन अशक्य झेल घेतला, तरी त्याच्या मालकाच्या वहीत एक काडीही पडत नाही. आमच्या उदाहरणाची सारी गंमत आणि थोडेसे दुःखही येथूनच सुरू होते.

बेसबॉलमध्ये मैदानाच्या लांबच्या भागात तिघे जण उभे असतात. त्यांना आउटफिल्डर म्हणतात: एक डावीकडे, एक उजवीकडे आणि एक मध्ये. मधल्या माणसाच्या वाट्यास सर्वांत विस्तीर्ण भूमी येते. दोन्ही बाजूंस धावावे लागते, पाठ करून कुंपणाकडे पळावे लागते. ॲनाहाइम येथील एंजल्स या संघात ही मधली जागा टोरी हंटर याची होती. हा काही सामान्य माणूस नव्हे. २००१ ते २००९ अशी सलग नऊ वर्षे उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह हा मान त्याने मिळवला होता. पण ऑगस्ट २०१० मध्ये पीटर बोर्जस हा २३ वर्षांचा तरुण संघात आला आणि हंटर आपली जागा त्याला देऊन उजवीकडे सरकला. नऊ वेळा मान मिळालेल्या ज्येष्ठाने ज्याच्यासाठी जागा सोडावी, त्याचे पाय आणि हात कसे असतील याची कल्पना वाचकांनी करावी.

बॅट मात्र पायांइतकी चपळ नव्हती. २०१० च्या उरलेल्या ५१ सामन्यांत बोर्जसची सरासरी ०.२०४ इतकीच भरली. बेसबॉलमध्ये ०.३०० म्हणजे उत्तम, ०.२५० च्या आसपास म्हणजे साधारण, आणि ०.२०० च्या जवळ म्हणजे नोकरी धोक्यात. पण संघाने धीर धरला. २०११ साली बोर्जस १४७ सामने खेळला, सरासरी ०.२७१ वर गेली, १२ होम रन झाले, २२ बेस चोरले, आणि एका फटक्यात तिसऱ्या बेसपर्यंत मजल मारण्याचा पराक्रम ११ वेळा केला. हा शेवटचा आकडा कागदी खेळात मोजत नाहीत, पण माणूस किती वेगाने पळतो ते त्यावरून समजते. २०१२ च्या मार्चमध्ये त्यास पंचवीस वर्षे पुरी व्हावयाची होती. जागा पक्की, वय चढते, आकडे वाढते. मनोराज्यातल्या मालकाला याहून अधिक काय हवे?

दुसरा उमेदवार माइक ट्राउट. न्यू जर्सी राज्यातल्या मिलव्हिलच्या शाळेतून २००९ साली संघाने त्यास उचलला, तो त्या वर्षीच्या निवडीत २५ वा. म्हणजे त्याच्याआधी चोवीस नावे पुकारली गेली होती. ती पुकारणाऱ्यांना आज रात्री झोप कशी लागते, हा प्रश्न अमेरिकेत अजून विनोदाने विचारला जातो. जुलै २०११ मध्ये, वीस वर्षेही पुरी झाली नसताना, तो एंजल्सकडून प्रथम खेळला. त्या वर्षीच्या ४० सामन्यांत त्याची सरासरी ०.२२०, होम रन पाच, चोरलेले बेस चार.

आता मार्च २०१२ मधील एखाद्या मालकाच्या खुर्चीत बसून पाहावे. थैलीत थोडे डॉलर उरले आहेत आणि पाचव्या आउटफिल्डरची जागा रिकामी आहे. एकीकडे वर्षभर खेळून १२ आणि २२ असे आकडे ठेवणारा बोर्जस, दुसरीकडे ०.२२० वाला पोरगा. त्यातून एंजल्सच्या मैदानात जागाही नाही. उजवीकडे हंटर, मध्ये बोर्जस, डावीकडे व्हर्नन वेल्स. या वेल्सचा करार सात वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलरचा. इतके मोल दिलेला माणूस कोणी सहजी बाकावर बसवीत नाही. शिवाय त्याच हिवाळ्यात संघाने अल्बर्ट पुहोल्स यास दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर देऊन पहिल्या बेसवर आणले. तेथला तरुण मार्क ट्रम्बो त्यामुळे विस्थापित झाला आणि तोही जागा शोधत आउटफिल्डच्या दारात येऊन उभा राहिला. आपल्याकडे एकत्र कुटुंबात नवी सून आली की खोल्यांची जी हलवाहलव होते, तीच येथे. भरीस भर म्हणून आजारपणात ट्राउटचा सरावाचा बराच काळ वाया गेला. हंगाम सुरू झाला तेव्हा त्याची रवानगी सॉल्ट लेकच्या दुय्यम संघात झाली होती.

अशा स्थितीत ज्याने बोर्जस घेतला त्याने मूर्खपणा केला असे आम्ही म्हणणार नाही. पुढे काय झाले ते ठाऊक असताना मागच्यांना हसणे सोपे असते. पण हातातली तीच कागदपत्रे थोडी निराळ्या रीतीने वाचता आली असती, असे मात्र आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट वयाची. ट्राउटचे ०.२२० पाहून नाक मुरडणाऱ्याने बोर्जसचे ०.२०४ आठवावयास हवे होते. पहिल्या खेपेस दोघेही अडखळले. बोर्जस तेविसाव्या वर्षी, ट्राउट एकोणिसाव्या वर्षी. मॅट्रिकच्या परीक्षेस सोळाव्या वर्षी बसून नापास झालेला आणि तीच परीक्षा बाराव्या वर्षी देऊन तितकेच गुण मिळवणारा, या दोघांना एकाच तागडीत कसे घालावे? दुसरी गोष्ट दुय्यम सामन्यांची. २०११ मध्येच, वर येण्याच्या आधी व मधल्या काळात, ट्राउटने आर्कान्सा संघाकडून ९१ सामन्यांत ०.३२६ सरासरी राखली, ११ होम रन मारले आणि ३३ बेस चोरले. त्या स्पर्धेतले बहुतेक खेळाडू त्याच्याहून वयाने मोठे. त्या वर्षी बेसबॉल अमेरिका या नियतकालिकाने त्यास दुय्यम स्पर्धांतील सर्वोत्तम खेळाडू ठरवले होते. हे सारे छापून आलेले होते. गुप्त काहीच नव्हते. बोर्जसचे २०११ हे बहुधा त्याच्या चढणीचे शिखर होते, ट्राउटचे २०११ ही पायथ्याची विश्रांती होती. दोन आकडे शेजारी मांडले म्हणजे तुलना होत नाही. ते आकडे चढणीवर कोठे पडले आहेत हे पाहावे लागते.

खऱ्या संघाचा व्यवस्थापक माइक सोशा याच्यापुढील पेच मात्र मालकांच्या पेचाहून फार निराळा होता. त्यास बॅटबरोबर हातमोजाही तोलावयाचा होता. येथे आपल्या परिचयाचे उदाहरण घेतो. एकनाथ सोलकर फलंदाजाच्या पुढ्यात, हात लांबवला तर बॅटीस लागेल इतक्या जवळ, शिरस्त्राणावाचून उभा राहत असे. २७ कसोटी सामन्यांत त्याने ५३ झेल घेतले. १९७१ साली ओव्हलवर वेंकटराघवनच्या चेंडूवर त्याने घेतलेला ॲलन नॉटचा झेल ज्यांनी रेडिओवर ऐकला, ते आजही त्याचे वर्णन पाहिल्यासारखे करतात. पण सोलकरची फलंदाजीची सरासरी २५ च्या घरात, आणि बळी सगळे मिळून १८. केवळ धावा आणि बळी मोजणाऱ्या कागदी खेळात त्यास कोणी घेतला असता काय? आणि त्याला वगळून तो चौकडीचा फिरकी मारा तितका भेदक राहिला असता काय? आपल्याकडे पुढे निघालेल्या कागदी क्रिकेटमध्ये झेलास गुण ठेवले गेले, हे त्या मानाने शहाणपणाचे. (त्या खेळात पैसे लावण्याची जी साथ पसरली होती तिच्यावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायद्याने बंदी आणली, मित्रामित्रांतल्या निर्मळ चुरशीला त्याचे दुःख होण्याचे कारण नाही.)

बोर्जसचा हातमोजा कागदी खेळात निरुपयोगी होता, हेही पुरतेपणी खरे नाही. आणि येथेच हा खेळ आम्हांस मनोवेधक वाटतो. एंजल्सचा पिचर जेरेड वीव्हर हा असा की त्याच्या चेंडूवर फलंदाज बहुधा उंच फटके मारीत. उंच फटका आउटफिल्डमध्ये जातो; तेथे बोर्जस असला की तो झेल होतो, नसला की दोन बेसचा फटका होतो. २०११ साली वीव्हरने १८ सामने जिंकले, आणि नऊ डावांमागे त्याच्याविरुद्ध सरासरी २.४१ धावाच झाल्या. त्याचा मालक त्या वर्षी खुशीत असणार. त्या खुशीतला एक वाटा बोर्जसच्या पायांचा होता, पण तो जमा झाला वीव्हरच्या नावावर. राबणारा एक आणि खाते दुसऱ्याचे, हा प्रकार आमच्या वाचकांना घरोघरच्या स्वयंपाकघरातून चांगला परिचित आहे.

आणखी एक बारकावा. कागदी खेळात सर्व आकड्यांचे मूळ एकच: मैदानावर उतरावयास मिळणे. उत्तम क्षेत्ररक्षक असला तर बॅट थोडी मुकी झाली तरी व्यवस्थापक त्यास काही काळ ठेवून घेतो, आणि तेवढ्या काळात दोन होम रन, चार बेस पदरात पडतात. म्हणून मार्चमध्ये बोर्जसवर डॉलर लावणारा मालक, त्यास कळो वा न कळो, त्याच्या हातमोजावरही डॉलर लावीतच होता.

पण तो हातमोजा बोर्जसला किती दिवस तारणार होता? एप्रिलमध्ये बोर्जसची बॅट अगदीच मुकी झाली. पुहोल्सलाही सूर सापडेना. पहिल्या २० सामन्यांपैकी एंजल्सनी जिंकले ६ आणि गमावले १४. तिकडे सॉल्ट लेकला ट्राउट २० सामन्यांत ०.४०३ च्या सरासरीने फटकावीत होता. अखेर संघाने बॉबी आब्रेयू या जुन्या खेळाडूस मोकळे केले आणि २८ एप्रिल २०१२ रोजी ट्राउटला वर बोलावले. तो आला तो बोर्जसची जागा घ्यावयास असे कोणी म्हटले नव्हते. मे महिन्यात वेल्सच्या अंगठ्यास दुखापत झाली तेव्हा तर दोघेही शेजारीशेजारी उभे राहू शकतील असे वाटत होते. परंतु ट्रम्बो होम रन मारीत होता, त्याची बॅट बाहेर ठेवणे परवडणारे नव्हते. राहता राहिली मधली जागा. ती हळूहळू ट्राउटची झाली. घोषणा नाही, समारंभ नाही. रोज सकाळी फळ्यावर लागणाऱ्या यादीत एक नाव दिसेनासे झाले, इतकेच.

ट्राउटने त्या वर्षी जे केले ते आकड्यांतच सांगितलेले बरे. १३९ सामने, सरासरी ०.३२६, होम रन ३०, मिळवून दिलेल्या धावा ८३, स्वतःच्या धावा १२९, आणि चोरलेले बेस ४९. चोरताना पकडला गेला तो अवघा पाच वेळा. पहिल्याच पूर्ण वर्षी ३० होम रन आणि ४० हून अधिक बेस हे त्याच्याआधी कोणासच साधले नव्हते. वर्षातील सर्वोत्तम नवोदिताचा मान त्यास एकमुखाने मिळाला. ज्या मालकांनी मार्चमध्ये एक-दोन डॉलर टाकून त्याला राखीव जागेवर ठेवून दिले होते, त्यांतल्या पुष्कळांनी आपल्या मित्रमंडळात ते वर्ष जिंकले. बोर्जस खेळला १०१ सामने, पण त्यातले अनेक शेवटच्या डावांत केवळ क्षेत्ररक्षणासाठी उतरून. बॅट हातात घेऊन उभे राहण्याची वेळ वर्षभरात २०० वेळाही आली नाही. होम रन ३, बेस ३, आणि सरासरी ०.२२०. वाचकांना हा आकडा ओळखीचा वाटेल. आदल्या वर्षी तो ट्राउटचा होता.

त्याच वर्षी २७ जूनच्या रात्री बाल्टिमोर येथे जे. जे. हार्डीचा फटका कुंपणापलीकडे चालला होता. ट्राउट धावत गेला, कुंपणाशी उडी घेतली आणि भिंतीच्या वरून चेंडू परत आणला. बोर्जसच्या अभावी मधली जागा पोरकी झाली असे आता कोणीच म्हणू शकत नव्हते. त्या झेलाचे चित्र अमेरिकाभर फिरले. कागदी खेळात मात्र ट्राउटच्या मालकास त्याबद्दल काही मिळाले नाही. एंजल्सच्या पिचरच्या मालकाची एक धाव वाचली, आणि हार्डीच्या मालकाचा एक होम रन गेला. त्या मालकाने त्या रात्री ट्राउटला काय काय म्हटले असेल ते छापण्याजोगे नसणार.

खऱ्या मैदानावरही हिशेब सरळ लागतातच असे नाही. एंजल्सनी त्या वर्षी ८९ सामने जिंकले तरी ते गटात तिसरे आले आणि पुढच्या फेरीत गेले नाहीत. दुसऱ्या गटातल्या डेट्रॉइटने ८८ जिंकले आणि ते थेट अंतिम मालिकेपर्यंत पोहोचले.

२०१३ च्या मार्चमध्ये जेव्हा मालक पुन्हा जमले तेव्हा बहुतेक ठिकाणी पहिल्या तिघांत ट्राउटचे नाव पुकारले गेले. बोर्जसचे नाव अगदी शेवटी, थैल्या रिकाम्या होत आल्या असताना. तो त्या वर्षी बरा खेळत होता, सरासरी ०.२७४, पण दुखापतींनी ५५ सामन्यांवर थांबवले. नोव्हेंबरमध्ये संघाने त्याची सेंट लुइसकडे अदलाबदल केली. तेथेही मधल्या जागेसाठी दुसरा एक उमेदवार होताच. पुढे तो संघ बदलत राहिला. उंच फटक्यामागे धावण्यासाठी कोणाला ना कोणाला त्याची गरज पडत होती, आणि बॅटसाठी फारशी कोणालाच नव्हती.

२०१९ साली एंजल्सनी ट्राउटशी बारा वर्षांचा ४२ कोटी ६५ लाख डॉलरचा करार केला. त्याच वसंतात बोर्जसही, बत्तिसाव्या वर्षी, राखीव आउटफिल्डर म्हणून ॲनाहाइमला परत आला होता. मे महिन्यात त्यास मोकळे करण्यात आले. तोपर्यंत तो २६ सामने खेळला होता. त्या वर्षीच्या लिलावात त्याच्यावर कोणी एक डॉलरही लावला असेल असे आम्हांस वाटत नाही.